सुती दोऱ्याची कडी

मागच्या आठवड्यात माझ्या सासूबाईंचा सत्कार झाला आणि त्याला त्या स्वतः गेल्या नाहीत. पत्रिकेवर 'समुद्ररक्षणाच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या' असं छापलं होतं. आईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "ही कोण बाई? तिच्या कार्यक्रमाला मी कशाला जाऊ?"

"ती बाई तुम्हीच," मी म्हटलं.

"मी पिंजऱ्यांच्या कड्या बांधते. कार्यकर्त्या म्हणजे ज्यांच्या हातात माइक असतो त्या. तू जा. तुला बोलायला आवडतं."

मला बोलायला आवडतं हे खरं आहे, पण त्या दिवशी माइक हातात आल्यावर माझी दातखीळ बसली. पुष्पगुच्छ घेतला, "आभारी आहोत" एवढं पुटपुटले आणि खाली उतरले. घरी येईपर्यंत स्वतःवरच चरफडत होते. जे तिथे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते. लिहिताना दातखीळ बसत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. माझे वडील शिंपी. आमचं गाव समुद्रापासून इतकं आत की मासा म्हणजे नदीतला, तोही कधीतरी. इथे आले तर धक्क्यापासून दोनशे पावलांवर दोन खोल्यांचं घर, आणि त्यातल्या पुढच्या खोलीत माणसांपेक्षा जाळीची बंडलं जास्त. नवरा छोट्या होडीतून खाडीच्या तोंडाशी खेकड्यांचे पिंजरे टाकायचा. सासूबाई धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी आणि पिंजरे दुरुस्त करायच्या. सासरे माझं लग्न ठरण्याआधीच गेले होते.

आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आईंनी माझ्यापुढे दोऱ्याचं रीळ आणि जाळं विणायची लाकडी सुई टाकली. "भर बघू," म्हणाल्या.

फळीवर मेणाचा गोळा दिसला. मी तो घेतला, दोरा त्यावरून दोनदा ओढला आणि मग सुईत भरला. शिंप्याच्या घरात बटणाचा दोरासुद्धा बिनमेणाचा कुणी ओवत नाही, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला शिकवायला नको."

या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसरी मिळायला किती वर्षं गेली ते पुढे येईलच. तेव्हा मात्र मी हुरळून गेले आणि त्या दिवसापासून सुया भरायचं काम माझ्याकडे आलं ते आलंच. आईंची नजर तेव्हाच थोडी कमी झालेली होती. त्या विणायच्या, मी भरायचे.

आईंचं धक्क्यावरचं नाव 'पक्की'. तोंडावर सगळे मावशी किंवा वहिनी म्हणत, पण पाठ वळली की पक्की. कारण त्यांची गाठ. खेकड्यांचा पिंजरा म्हणजे सळ्यांचा चौकोनी सांगाडा, त्यावर नायलॉनची जाळी. एका बाजूला आत निमुळतं होत जाणारं तोंड. आमिषाच्या वासाने खेकडा तिथून आत येतो, पण बाहेर जाता येत नाही. दुसऱ्या बाजूला खालून बांधलेलं दार, त्याच्या वरच्या काठाला शिशाचा गोळा. त्याच काठाला लोखंडी आकडा, आणि तो आकडा अडकतो ती कडी मात्र दोऱ्याची, सात गाठी घालून गुंफलेली. पिंजरा वर काढला की मच्छीमार आकडा सोडवतो, दार आपल्या वजनाने खाली पडतं, खेकडे टोपलीत. सगळा भार त्या कडीवर. इतरांच्या कड्या हंगाम संपता संपता सैल व्हायच्या. आईंची एकही कडी कधी सैल झाली नाही. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, त्यावर त्यांचा हात. "मी मेले तरी माझी गाठ सुटायची नाही," असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं.

स्वभावही तसाच. एकदा मनात धरलं की धरलं. मीही काही गरीब गाय नाही. पहिली चार-पाच वर्षं आमचं दिवसाकाठी एक भांडण ठरलेलं असायचं आणि नवरा बिचारा त्या वेळी होडीत जाऊन उगाचच इंजिन पुसत बसायचा. त्या होडीचं इंजिन सबंध बंदरात सगळ्यात चकचकीत होतं.

माझ्या लग्नाला दहा वर्षं होत आली तेव्हा ती डायव्हर मुलगी आली. समुद्राच्या तळाची पाहणी करणाऱ्या एका संस्थेतली. अंगात रबराचा काळा पोशाख, केसांतून पाणी निथळतंय, नाक वाहतंय, आणि दोन्ही हातांनी उचलून आणलेला एक पिंजरा. तिने तो धक्क्यावर ठेवला आणि विचारलं, "ही गाठ कुणाची आहे?"

धक्क्यावरच्या चार जणांनी एकाच वेळी आमच्या शेडकडे बोट दाखवलं. अभिमानानेच दाखवलं.

मुलगी पिंजरा घेऊन शेडमध्ये आली. सळ्या गंजून काडीएवढ्या राहिल्या होत्या. वर शिंपल्यांचा थर. पण जाळी शाबूत, आणि कडी तर काल बांधल्यासारखी. जाळी निळी होती. निळी जाळी मिळायची बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे पिंजरा किमान तेवढा जुना हे सगळ्यांनाच कळलं. म्हणजे कितीतरी वर्षं तो तळाशी पडून होता.

"आत बघा, मावशी," मुलगी म्हणाली. तिने आकडा सोडवला. आधी दोन जिवंत खेकडे पडले आणि तिरके तिरके पळायला लागले. मग कवचं. मोठी, मधली, अंगठ्याच्या नखाएवढी. रिकामी, फुटकी, एकात एक अडकलेली.

"एक मरतो तो दुसऱ्याचं आमिष होतो," ती सांगत होती. "दुसरा तिसऱ्याचं. पिंजऱ्याचा दोर तुटलेला आहे, त्यामुळे वर कुणी काढत नाही आणि दार काही उघडत नाही. हा पकडतच राहतो."

आई खाली बसल्या आणि कवचं एकेक करून बाजूला मांडायला लागल्या. फुटके तुकडे धरले नाहीत. एकतीस झाली. मग त्यांनी विचारलं, "असे किती असतील?"

"मी या आठवड्यात चाळीस पाहिलेत. सगळे काढता येत नाहीत. पूर्वेकडचा खडक तर पिंजऱ्यांनीच भरलाय."

मोठ्या बोटींच्या पंख्यांनी दोर तुटतात, वादळात खुणेचे तरंगते बोये वाहून जातात. दरवर्षी प्रत्येक होडीचे पाच-सहा पिंजरे हरवतात हे आम्हाला माहीतच होतं. हरवला म्हणजे हरवला, नवा करायचा, एवढाच आमचा विचार. तो खाली काय करत असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या वेळी शेडच्या दाराशी भोंगाभावोजी उभे होते. हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, बंदरात सगळ्यात जास्त पिंजरे त्यांचे, आणि आवाज असा की समोरच्या किनाऱ्यावरचं माणूस वळून बघेल. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत असतंच. त्या दिवशी त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत आणि निघून गेले. मला नवल वाटलं, पण तेवढंच.

आई त्या रात्री जेवल्या नाहीत. मी चिडून म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" तर म्हणाल्या, "मुद्दाम नाही. पण अभिमान मुद्दामच धरला होता ना?" मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

महिन्याभरात मत्स्य खात्याची नोटीस आली. मुलीच्या संस्थेचा अहवाल वरपर्यंत गेला होता. पुढच्या हंगामापासून खाडीच्या तोंडाशी पिंजरे टाकायला बंदी. मोठ्या बोटी खोल समुद्रात जातात, त्यांना फरक पडणार नव्हता. आमच्यासारख्या बावीस होड्या होत्या, बाहेरच्या लाटेत न टिकणाऱ्या, त्यांच्यासाठी खाडी बंद म्हणजे धंदाच बंद. नवऱ्याने नोटीस वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुसलेलं इंजिन पुन्हा पुसायला गेला. मला त्या दिवशी त्याच्यावर रागवावंसंही वाटलं नाही.

खात्याच्या ऑफिसात एका अधिकारी बाईंसमोर सुनावणी ठेवली होती. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या फायली, खुर्च्या पंधरा आणि माणसं साठ. सगळा राग त्या मुलीवर निघाला. कुणी म्हणालं हिला पाण्यात पाठवलं कुणी, कुणी म्हणालं हिला काय कळतं. ती एका कोपऱ्यात कागद छातीशी धरून उभी होती. रडायच्या बेतात होती, पण जागची हलली नाही.

आई उठल्या. "मुलीवर ओरडू नका. पिंजरा तिने टाकलेला नाही. गाठ माझी आहे, ओरडायचं तर माझ्यावर ओरडा." मग त्या अधिकारी बाईंकडे वळल्या. "मॅडम, पिंजरा हरवतो ते आमच्या हातात नाही. पण हरवल्यावर त्याचं दार उघडावं एवढं माझ्या हातात आहे. कडी सुती दोऱ्याची बांधते. पोत्यांची तोंडं शिवतात तो दोरा. वापरातल्या पिंजऱ्याची कडी महिन्याच्या महिन्याला बदलू. हरवलेल्याची कोण बदलणार? ती कुजेल, तुटेल, दार पडेल. आत गेलेला बाहेर येईल."

अधिकारी बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. "सिद्ध करून दाखवा," त्या म्हणाल्या. "आदेशावर सही व्हायला साडेतीन महिने आहेत. एक पिंजरा बांधा, मी त्याला सील लावते. साठ दिवस पाण्यात राहू दे. दार उघडलं तर बंदीऐवजी नियम करायची शिफारस मी करीन. नाही उघडलं तर करणार नाही."

सगळं बंदर त्या एका पिंजऱ्यावर येऊन थांबलं.

आईंनी शेडमध्ये बसून कडी गुंफली. सुई नेहमीप्रमाणे मी भरून दिली. बाईंनी शिशाचं सील लावलं, पिंजरा धक्क्याच्या टोकाला खोल सोडला, आणि आम्ही दिवस मोजायला लागलो. नवरा रोज जाता येता त्या दोराला हात लावायचा. मला म्हणायचा, "आईची गाठ आहे. सुटायला सांगितली आहे म्हणजे सुटेलच." सुटायला सांगितलेली गाठ, हे ऐकून मला हसू यायचं.

साठाव्या दिवशी सकाळी झाडून सगळे जमले. अधिकारी बाई आल्या, मुलगी आली, होडीवाले, त्यांच्या बायका. पिंजरा वर आला. दार बंद होतं. कडी जशीच्या तशी, सातही गाठी ताठ. नवऱ्याने आकड्याला हिसका दिला, तरी ढिम्म.

मी पुढे वाकून बघत होते आणि तेव्हा मला दिसलं. सुती दोरा पाण्यात साठ दिवस राहिला तर भिजून काळा पडायला हवा. या दोऱ्यावरून पाण्याचे थेंब घरंगळत होते. सुई मी भरली होती. रोज पन्नास सुया भरते तशीच ती भरली होती, फळीवरचा मेणाचा गोळा घेऊन, दोनदा ओढून, कुणाशी तरी बोलता बोलता. दोरा कुजू नये म्हणूनच मेण लावतात, हे शिंप्याच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. जी सवय मी शाबासकी म्हणून मिरवली तिनेच सगळ्या बंदराला तोंडघशी पाडलं होतं.

आईंनीही थेंब पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. माझा चेहरा बघून जे कळायचं ते त्यांना कळलं.

"मेण लागलंय, मॅडम," त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चाळीस वर्षांची सवय. चूक माझी."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. पक्की स्वतःच्याच गाठीला हरली, असं एक जण म्हणाला. ज्यांच्या गिऱ्हाइकीवर आमचं घर चाललं त्यांच्यासमोर आई खाली मान घालून उभ्या होत्या, आणि मी मूग गिळून गप्प राहिले. आज लिहायला सोपं जातंय. तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही, याची लाज मला अजून वाटते.

अधिकारी बाईंनी डायरीतलं कॅलेंडर पाहिलं. "पंचेचाळीस दिवस उरलेत. पुन्हा करायचं असेल तर एका पिंजऱ्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही. निदान दहा हवेत, दोन वेगळ्या होड्यांचे, आणि खाडीत जिथे खरे हरवतात तिथेच टाकायचे."

"चाळीस दिवस पुरेत. दोरा बारीक घेते," आई म्हणाल्या.

दहा पिंजरे गोळा करणं त्या दिवशी दहा घरं मागण्याइतकं अवघड होतं. ज्याला हसून झालं त्या माणसाकडे कुणी आपला चांगला पिंजरा देत नाही. नवऱ्याने पाच काढून दिले. बाकीचे "बघू", "उद्या सांगतो" करत राहिले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगाभावोजी शेडमध्ये आले, मागे हातगाडीवर सहा पिंजरे. त्यांनी ते उतरवून ठेवले आणि बाकावर बसले. आवाज अगदी खाली.

"वहिनी, तो निळ्या जाळीचा पिंजरा..."

"कुठला पिंजरा?" आईंनी मान वर न करता विचारलं.

"तो हो, त्या मुलीने आणलेला. त्याच्या सळीला आमच्या खुणेचा जो पिळा होता..."

"भावोजी, मी इतके पिंजरे बांधले. मला कुठला कुणाचा आठवतोय? चहा घेणार का?"

भावोजी चहा प्यायले आणि गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईंना चाळीस वर्षांतला प्रत्येक पिंजरा आठवायचा, कुणाचा, कितव्या हंगामातला, सगळं. ती मुलगी शेडमध्ये पाऊल टाकत होती तेव्हाच त्यांना कळलं असणार की हा भोंगाभावोजींचा. कवचं मांडताना, सुनावणीत, सगळे हसत होते तेव्हा, त्यांनी एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. गाठ माझी, म्हणाल्या होत्या. पिंजरा कुणाचा ते त्यांनी पोटात ठेवलं होतं.

भावोजींचे पिंजरे दिसले तशी धक्क्यावरची कुजबुज थांबली. त्यांनी पुढे दोन दिवस आपल्या मूळ आवाजात जो प्रचार केला त्याला माइकची गरज नव्हती.

या वेळी सुया भरण्याआधी मी मेणाचा गोळा उचलला आणि घरी ट्रंकेच्या तळाशी नेऊन ठेवला. फळीवर त्याची गोल खूण तेवढी राहिली. आणि या वेळी आईंनी एक नवीनच प्रकार सुरू केला. मी सुई दिली की दोऱ्याचं टोक त्या खालच्या ओठावरून फिरवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग गाठ घालायला लागायच्या. प्रत्येक सुई. अकरा पिंजरे, अकरा वेळा. मला वाटलं, आता यांचा माझ्यावर विश्वास राहिला नाही, तपासून घेताहेत. मनातून दुखावले, पण बोलणार काय? तपासण्यासारखंच मी केलं होतं.

चाळीस दिवसांनी दोन होड्या खाडीत गेल्या. अधिकारी बाई आमच्या होडीत, मी आणि आई त्यांच्यासमोर. पहिला पिंजरा वर आला तो दार लोंबतच आला. आत फक्त वाळू. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. पलीकडच्या होडीतून भावोजी प्रत्येक वेळी "उघडं" असं ओरडत होते आणि ते किनाऱ्यावर ऐकू जात होतं, कारण तिथून बायकांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. सातव्यात एक खेकडा होता, पण तो दाराच्या काठावर बसलेला. होडीत ठेवायच्या आत तो निवांत पाण्यात उतरून गेला. अकरावा आला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्याचं दार बंद होतं. बाईंनी हातातल्या पेनाचं टोक कडीला लावलं. कडी तुटली आणि दार त्यांच्या बोटांवर पडलं.

"लागलं का हो?" आईंनी विचारलं.

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बंदी आली नाही, नियम आला. खाडीत टाकायच्या प्रत्येक पिंजऱ्याची कडी सुती, आणि दर महिन्याला नवी. बावीस होड्या आजही खाडीत जातात. महिन्याच्या कड्या बांधायला धक्क्यावरच्या आठ बायका शिकल्या. जुने हरवलेले पिंजरे काढायला ती मुलगी दर हंगामाआधी येते आणि आमचेच होडीवाले तिला घेऊन जातात. जे एकेकाळी तिच्यावर ओरडले तेच आता तिच्यासाठी चहाचा थर्मास भरून नेतात. आईंना दुसऱ्या बंदरांतून बोलावणी यायला लागली. त्या जायच्या, जमिनीवर बसायच्या, कडी बांधून दाखवायच्या आणि परत यायच्या. भाषण एकदाही केलं नाही.

खाडीतून परत आलो त्या दुपारी मी शेडमध्ये त्यांच्यासमोर बसले. गेला महिनाभर जे सांगायचं राहिलं होतं ते सांगून टाकलं. "आई, पहिल्या वेळी मेण मी लावलं होतं."

"मग काय मांजराने लावलं?" त्या म्हणाल्या.

"मग सगळ्यांसमोर तुम्ही स्वतःवर का घेतलंत? सगळे हसले तुम्हाला."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं गुळगुळीत, पिवळट, चामड्यासारखी. "तुझं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? मेण तिने लावलं, मग बांधताना पक्कीच्या बोटांना कळलं कसं नाही? पाच-सहा वर्षं झाली, या बोटांना दोरा कळत नाही. मेणाचा, बिनमेणाचा, सगळा सारखा. गाठी काय, त्या सवयीने पडतात." मग खालच्या ओठाला हात लावून म्हणाल्या, "इथे अजून कळतं."

म्हणजे त्या मला तपासत नव्हत्या. ज्या हातावर बंदर चालत होतं तो हात आंधळा झाला होता, आणि ते कुणाला कळू न देता त्या ओठाने बघत होत्या. मला रडू आवरेना.

"रडू नकोस. मी माझी अब्रू वाचवत होते, तुझी नाही. उगाच उपकार मानू नकोस," त्यांनी दटावलं आणि सुई माझ्या हातात दिली. "आणि आता कड्या तू बांध. मी बघते."

दोन दिवस मी त्यांचं म्हणणं खरं धरून चालले. मग मला भावोजींना विचारलेलं ते "कुठला पिंजरा?" आठवलं, आणि या बाईंचं काय खरं मानायचं आणि काय नाही ते कळलं. त्यांनी सांगितलं म्हणून उपकार मानायचे नाहीत, एवढं त्यांचं मी कधीच ऐकलेलं नाही.

याला आता आठ वर्षं झाली. सत्काराच्या कार्यक्रमातून मी चरफडत परत आले त्या दिवशी शेडमध्ये ती मुलगी बसली होती. आता तिला मुलगी तरी कसं म्हणायचं, तिच्याही कपाळावर दोन पांढरे केस आहेत. समोर एक पिंजरा होता, सकाळीच खडकातून काढलेला. मागच्या वादळात आमचेच चार हरवले होते, त्यातला एक. नवऱ्याने सळीचा पिळा बघून ओळखला. म्हणजे कडी माझी. दार लोंबत होतं. आत एकही कवच नव्हतं, थोडी वाळू आणि शेवाळ, बस.

आकड्याला दोऱ्याचा बोटभर कुजका तुकडा चिकटून राहिला होता. आईंनी चाचपडत तो काढला आणि खालच्या ओठावरून फिरवला. जरा थांबल्या. मग माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"मेण नाही," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांनी मिळालेली ही दुसरी शाबासकी.

मी तो तुकडा त्यांच्या हातून घेतला आणि फळीवर, मेणाच्या गोळ्याची गोल खूण अजून आहे तिथे ठेवला. पुष्पगुच्छ कुठे राहिला ते मला आठवत नाही.